छपराच्या पुलांचा ऑक्टोबर

ऑक्टोबर लागला की जपानातल्या आमच्या इचिकावात एक सकाळ अशी येते, की स्टेशनकडे जाता जाता पाय थबकतात. कुठल्या तरी कुंपणामागे किनमोकुसेई फुललेला असतो. झाड दिसायच्या आधी त्याचा वास येतो. ज्वारीच्या दाण्याएवढी नारिंगी फुलं आणि पिकल्या जर्दाळूसारखा गोड, दाट वास. कालपर्यंत घामानं पाठीला चिकटणारा शर्ट त्या दिवशी अंगावर हलका होतो. स्टेशनचा जिना चढणारी माणसंसुद्धा जराशी सावकाश चढतायत असं वाटतं. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर सातो-सान बसतात. त्या दरवर्षी न चुकता म्हणतात, "मुग्धा-सान, आला तुमचा मोसम." त्यांना ठाऊक आहे, की हा वास आला की मी रजेचा अर्ज टाकते, आणि इमारतीच्या मागे उभ्या असलेल्या माझ्या मोटरसायकलवरचं कापड काढते.

मी छपराचे पूल बघायला जाते.

हे इथल्या लोकांनाही थोडं समजावून सांगावं लागतं. शिकोकू बेटावर, एहिमेच्या डोंगरांत, उचिको आणि ओझू या गावांच्या आजूबाजूला लहानलहान ओढ्यांवर लाकडी पूल आहेत. त्यांच्यावर घरावर असतं तसं उतरतं छप्पर आहे. कुणाचं कौलारू, कुणाचं देवदाराच्या सालींचं. पावसाचा मुलूख, उघडं लाकूड लवकर कुजतं, म्हणून छप्पर. आता छप्पर आहेच तर खाली कोळशाची पोती ठेवा, भाताच्या पेंढ्या ठेवा, शेतातून येताना दोन मिनिटं टेका, असं करत करत ते पूल गावाच्या ओसऱ्या होऊन बसले. मोठ्या रस्त्यावर ते सापडत नाहीत. त्यासाठी आडरस्त्याला लागावं लागतं. जिथे एक छोटा पांढरा ट्रक समोरून आला तरी आपल्याला गाडी कडेला घ्यावी लागते, वळणावळणावर गोल आरसे लावलेले असतात आणि सावलीच्या जागी देवदाराच्या काड्या पडून रस्ता निसरडा झालेला असतो. मोटरसायकलवर हे सगळं अंगावर येतं. चुलीचा धूर, कापलेल्या भाताचा वास, पुलाजवळ आल्यावर एकदम गार होणारी हवा. काचेआड बसून ते कळत नाही.

यंदाही कापड काढलं, चेनला तेल दिलं. पण मागच्या सीटवर हात टेकला आणि मन यंदाच्या प्रवासाकडे न जाता काही वर्षं मागं गेलं. त्या ऑक्टोबरात या सीटवर आई बसल्या होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी ठाण्याला सासरे गेले. झोपेतून उठले, छातीत दुखतंय म्हणाले आणि अँब्युलन्स येईपर्यंत संपलं. नौपाड्यातल्या जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही, आणि आता तिथे आई एकट्या. माझा नवरा निखिल आणि बंगळुरूला असलेले त्याचे मोठे भाऊ नितीनदादा यांनी फोनवर बोलून ठरवलं, की घर विकायचं. आईंनी वर्षातले तीन महिने जपानला आमच्याकडे राहायचं, कारण व्हिसा तेवढाच मिळतो, आणि बाकीचे बंगळुरूला. आईंना विचारलं तेव्हा त्या "बघू" म्हणाल्या. सगळ्यांनी त्याचा अर्थ "हो" असा धरला.

सप्टेंबरात त्या इचिकावाला आल्या. आई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. तरुणपणी त्या एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि सातारा, सोलापूर, नागपूर असं सगळीकडे एकाच ठाम, गोड आवाजात "बोला" म्हणायचं. अशा बाईला परक्या देशात रुळायला वेळ लागत नाही. जळणारा कचरा कुठल्या दिवशी, बाटल्या कुठल्या दिवशी, प्लास्टिक धुऊनच टाकायचं, हे त्यांनी आठवडाभरात आत्मसात केलं. निखिल आजही चुकतो. कोपऱ्यावरच्या कोनबिनीतली, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातली मुलगी त्यांना ओळखायला लागली. आमची ईरा तेव्हा पाचवीत होती. ती मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायची, आणि आई त्या जपानीवर पुन्हा मराठीतच बोलायच्या. दोघींचं छान चालायचं.

पण संध्याकाळी त्या बाल्कनीत उभ्या राहून खालून जाणाऱ्या गाड्या बघत राहायच्या, आणि आम्ही आत हलक्या आवाजात बोलायचो. घराला गिऱ्हाईक आलंय, सामानाचं काय करायचं, कागदावर सह्या कधी घ्यायच्या. त्या आत आल्या की विषय बदलायचा.

एका संध्याकाळी माझ्या फोनवरचा एक फोटो त्यांच्या नजरेला पडला. आदल्या वर्षीचा होता.

"हे काय आहे? पूल की घर?"

"पूलच आहे आई. वर छप्पर घातलंय."

त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "मला दाखव."

निखिलला ऑफिसातून सुटणं शक्य नव्हतं, ईराच्या शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती. तो म्हणाला, "तुम्ही दोघी ट्रेननं जा." मी म्हटलं, त्या खोऱ्यांत ट्रेन जात नाही. बस आहे, ती सकाळी एकदा जाते आणि संध्याकाळी परत येते.

"मग हिच्या गाडीवर जाऊ," आई म्हणाल्या.

"आई, ती मोटरसायकल आहे."

"माहीत आहे. मी काय स्कूटरवर बसले नाही कधी?"

निखिलनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरं हेल्मेट शोधायला उठले, कारण मला त्याच क्षणी जायचं होतं. चाळिशीत मी मोटरसायकल शिकायला निघाले तेव्हा माहेरच्यांनी, मैत्रिणींनी, निखिलनंही मला "कशाला" म्हणून विचारलं होतं. फोनवरून "शीक गं, नंतर राहून जातं" म्हणणाऱ्या एकट्या आई होत्या. ते मी कधी विसरले नाही.

इचिकावाजवळच्या कोतोच्या धक्क्यावरून संध्याकाळी सुटणारी फेरीबोट दुसऱ्या दिवशी दुपारी शिकोकूवरच्या तोकुशिमाला पोचते. गाडी खालच्या मजल्यावर दोरांनी बांधली आणि वर येऊन आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. आईंनी बोट पाहिली, समुद्र पाहिला, एका ट्रकवाल्याला पुरी दिली. मला मनातून धाकधूक होती. सत्तरीला टेकलेली बाई, गुडघे दुखणारे, आणि आपण तिला घाटातून नेतोय.

तोकुशिमाच्या धक्क्यावर मी त्यांना माझं जुनं जाकीट घातलं, सलवारीवरून निखिलची पावसाळी पँट चढवली, हातमोजे घातले. वेणी कॉलरच्या आत खोचली. हेल्मेटात इंटरकॉम होता. मी माझं हेल्मेट घातलं, बटण दाबलं, आणि कानात आवाज आला.

"हॅलो. बोला."

तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. घरातल्या आईंचा तो नव्हता. स्वच्छ, कोरा, प्रत्येक अक्षर ऐकू येईल असा. मी आपोआप सरळ बसले.

"ऐकू येतंय का, आई?"

"उत्तम येतंय. आमच्या लाइनींवर इतकं चांगलं कधी येत नव्हतं."

हायवेवर वाऱ्यामुळे त्या गप्प होत्या, माझ्या जाकिटाच्या दोन्ही बाजू घट्ट धरून. वाटेत एक मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी आम्ही मोठा रस्ता सोडून डोंगरात शिरलो, वेग कमी झाला, आणि त्यांना कंठ फुटला. दिसेल ते त्या सांगत होत्या. डावीकडे भाताच्या पेंढ्या बांबूवर उलट्या टांगल्यात. उजवीकडे पेरसिमोनचं झाड, नारिंगी टोमॅटोसारखी फळं असतात ते, एकही पान नाही, नुसती फळं. कुणी काढत कसं नाही? वर बघ, घर आहे, पण दारं बंद आहेत. हेही बंद. मुग्धा, या गावात माणसं आहेत ना?

"थोडी आहेत, आई. तरुण सगळे शहरात गेले."

"म्हणून फळं झाडावर."

मी समोरून येणाऱ्या एका छोट्या ट्रकला वाट दिली. मग त्या म्हणाल्या, "तुला गंमत सांगू का? ह्यांच्या स्कूटरवर मी सगळा जन्म एका बाजूला पाय सोडून बसले. साडी ना. इतकी वर्षं मी रस्त्याची डावीच बाजू बघत आले. उजवीकडे काय असतं ते आज बघतेय."

मला हसू आलं. मी ज्या रस्त्यांवर इतक्यांदा आले होते, तिथे दर वळणावर आपल्याला दोन्हीकडचं दिसतं ही गोष्ट मी कधी मोजलीच नव्हती. सहज मिळालेल्या गोष्टी आपण अशाच वापरत राहतो. कुणीतरी मागे बसून त्या मोठ्यानं सांगाव्या लागतात.

पहिला पूल एका देवळापुढच्या तळ्यावर होता. पाणी हिरवं, त्यात छपराची सावली. पुलाच्या तोंडाशी मी हेल्मेट काढत होते, तेवढ्यात आई पुढे गेल्या आणि थांबल्या. वाकल्या, बूट काढले, बाजूला नीट जोडीनं ठेवले आणि मोजे घातलेल्या पायांनी पुलावर गेल्या.

"आई, इथे बूट घालून चालतं. पूल आहे तो."

"छप्पर आहे ना," त्या म्हणाल्या. "छपराखाली मला नाही जमत."

आत अंधूक उजेड होता. खांब हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले, फळ्यांमधून खालचं पाणी चमकायचं. त्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही टोकांना उजेड आणि मध्ये आपण. मी खूप फोटो काढले होते या पुलाचे, पण असं मधोमध नुसतं उभं राहिलेलं आठवत नव्हतं. मीही बूट काढले.

त्या चार दिवसांत आम्ही असे कितीतरी पूल पाहिले. काही नुकतेच नीट केलेले, लाकूड अजून पिवळं. काही इतके लहान, की चार पावलांत संपले. एका पुलापलीकडे फक्त एकच घर होतं, तेही पडीक. पूल मात्र झाडलेला, खांबाला छोट्या बाटलीत रानफुलं. आई म्हणाल्या, "ज्यांचं घर गेलं त्यांचा पूल कोण झाडतं?" मला माहीत नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी कळलं, कावाबे गावाच्या बाजूला. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. घाट उतरताना पाऊस आला, बारीक आणि गार. आईंचे गुडघे आखडायला लागले होते, त्या बोलत नव्हत्या यावरून मला ते कळत होतं. खाली ओढ्यावर एक पूल दिसला, सालींच्या छपराचा, छपरावर शेवाळ. मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि आम्ही आत शिरलो. या पुलात दोन्ही कठड्यांना लागून बाकं होती. आईंनी बूट काढले, बाकावर बसल्या आणि गुडघ्यांवर हात ठेवून डोळे मिटले.

"खूप दुखतंय का?"

"दुखतंय. पण बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. दोन्ही खरं असावं.

पलीकडच्या टोकानं एक म्हातारी आली. पाठीतून वाकलेली, एका हातात छत्री, दुसऱ्या हातानं छोटी चाकांची गाडी ढकलत. गाडीत केरसुणी. तिनं आधी मोटरसायकलकडे पाहिलं, मग दारातल्या बुटांच्या जोडीकडे, मग आईंकडे. आणि हसू लागली. हसता हसता तिनंही आपले रबरी बूट काढले.

त्यांचं नाव ओनो-सान. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. पुलापलीकडे चढावर त्यांचं घर. नवरा कोळसा पाडायचा, पावसात पोती इथेच ठेवायचा. आता पूल त्या झाडतात, आणि वरच्या अंगाला जो पडक्या घराचा पूल आहे, तोही. त्यांची बोली मला निम्मी कळत होती, निम्मी मी अंदाजानं जुळवत होते. त्यांनी गाडीतून थर्मास काढला, फडक्यात बांधलेले उकडलेले चेस्टनट काढले. आम्ही पुऱ्यांचा शेवटचा डबा उघडला. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि घाई कुणालाच नव्हती.

"विचार त्यांना," आई म्हणाल्या, "एकट्या राहता?"

मी विचारलं. ओनो-सान म्हणाल्या, हो, बरीच वर्षं झाली.

"मुलं?"

मुलगी मात्सुयामाला, मुलगा ओसाकाला. दोघंही बोलावतात. "मी जाते. चार दिवस राहते, येते."

"भीती नाही वाटत?" हे आईंनी थेट त्यांच्याकडे बघून मराठीतच विचारलं.

मी जपानीत सांगितल्यावर ओनो-सान थोडा वेळ चेस्टनट सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "रात्रीची नाही वाटत. पण बरेच दिवस पुलावरून कुणी गेलं नाही, की वाटते."

आईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं.

"मग मुलाकडे का नाही राहत?" त्यांनी विचारलं.

ओनो-सानचं उत्तर लांब होतं आणि मला ते दोनदा विचारून घ्यावं लागलं. त्या म्हणाल्या, मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. वेगळी खोली दिली होती. पण मी बाहेर आले की सगळे आवाज कमी करायचे. टीव्हीचा आवाज कमी, बोलणं कमी. मला त्रास होऊ नये म्हणून करायचे ते. मला मात्र वाटायचं, की या घरात मी जिथे जाते तिथे शांतता होते. इथे मी पातेलं आपटलं तरी माझंच असतं.

मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची बाल्कनी होती, आत शिरणाऱ्या आई होत्या आणि बदलणारा विषय होता. आई माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. थोडं इकडचं तिकडं करून सांगणं सोपं होतं; त्यांना कळलंही नसतं. पण पुऱ्या आणि चेस्टनट मध्ये ठेवून बसलेल्या या दोन बायांच्या मधला धागा तेवढा मीच होते. मी जसंच्या तसं सांगितलं. आवाज कमी करतात इथपर्यंत, पातेल्यापर्यंत.

आईंनी ओनो-सानचा हात हातात घेतला. इथे माणसं असा हात धरत नाहीत, मला वाटलं ओनो-सान अवघडतील. त्या अवघडल्या नाहीत. दुसरा हातही त्यांनी वर ठेवला. छपरावर पाऊस वाजत होता, ओढा फुगला होता, आणि सातारा-सोलापूर जोडून देणारी बाई आज स्वतः लाइनीच्या एका टोकाला बसली होती.

पाऊस थांबल्यावर ओनो-साननी पूल झाडला. आईंनी त्यांच्या हातून केरसुणी मागून घेतली आणि निम्मा झाडला. निघताना ओनो-साननी मला विचारलं, "या तुमच्या आई का?" मी हो म्हटलं. सासूला वेगळा शब्द आहे जपानीत, मला तो येतोही. त्या वेळी आठवला नाही.

परतीचा घाट चढताना रस्ता ओला होता, मी सावकाश चालवत होते. ढग खाली उतरून दरीत अडकले होते. बरंच अंतर गेल्यावर कानात तो एक्सचेंजवाला आवाज आला.

"मुग्धा. ऐकू येतंय?"

"येतंय, आई."

"मला घर विकायचं नाहीये."

समोर वळण होतं. मी गियर कमी केला, वळण घेतलं.

"मग विकू नका."

"दोघांनी ठरवलंय ना सगळं. मी तेव्हा बोलले नाही. तेव्हा मला काहीच सुचत नव्हतं. कुणी चहा दिला तरी घेत होते, घर मागितलं तरी दिलं असतं."

"आता सुचतंय ना?"

"सुचतंय. मला माझ्या घरी राहायचंय. जमलं नाही तर मी सांगेन जमत नाही म्हणून. पण आधी राहून तर बघू दे."

मला आरशात त्यांचं फक्त हेल्मेट दिसत होतं. समोरासमोर बसून त्या हे मला कधी बोलल्या नसत्या, आणि मीही जेवणाच्या टेबलावर ऐकून काहीतरी गोलमोल बोलले असते. पण तिथे दोघींची तोंडं एकाच दिशेला होती. रस्ता समोर होता आणि तो बघत बोलता येत होतं.

"तू माझ्या बाजूनं बोलशील?" त्यांनी विचारलं.

"बोलेन."

"निखिल चिडेल."

"चिडू दे. तो आधी तुमचा मुलगा आहे, मग माझा नवरा."

त्या हसल्या. हेल्मेटात हसणं फार जवळून ऐकू येतं.

इचिकावाला पोचल्यावर दुसऱ्या दिवशीच्या जेवणात आईंनी विषय काढला. निखिलनं वाडगा खाली ठेवला. तो ओरडणारा माणूस नाही. त्याचा आवाज फक्त कोरडा होत जातो.

"आई, तिसरा मजला. लिफ्ट नाही. उद्या तुला काही झालं तर आम्ही इथून पोचेपर्यंत..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. वडिलांच्या वेळी तो दोन विमानं बदलून पोचला होता, तेव्हा सगळं आटोपलं होतं. ते त्याच्या आत कुठे बसलंय हे मला माहीत होतं.

आई म्हणाल्या, "निखिल, तुझे बाबा गेले तेव्हा मी शेजारी होते. त्यांचा हात माझ्या हातात होता. माझ्या तिथे असण्यानं ते थांबले का?"

त्यानं खाली ठेवलेला वाडगा बाजूला सरकवला.

"जे व्हायचं ते कुठेही होईल रे. मला फक्त तोपर्यंत माझ्या घरात राहायचंय."

मग मी बोलले. फार नाही बोलले. इतकंच म्हटलं, की आपण सगळ्यांनी आईंच्या भल्याचं ठरवलं, पण आईंना धरून ठरवलं नाही; आता त्या स्वतः सांगतायत तर ऐकू या. ईरा आमच्या तोंडांकडे बघत होती. तिनं जपानीत विचारलं, "आजी घरी जाणार?" आई मराठीत म्हणाल्या, "हो. आजी आजीच्या घरी जाणार. आणि तू मे महिन्यात यायचंस."

निखिल त्या रात्री बराच वेळ भांडी घासत राहिला. सकाळी त्यानं नितीनदादांना फोन केला आणि म्हणाला, "गिऱ्हाइकाला नाही सांग. वर्षभर बघू." त्याच्या तोंडी तो "बघू" ऐकून मला आईंचा पहिला "बघू" आठवला. या वेळी तो खरोखर बघणारा होता. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले, समोरच्या देशपांडे वहिनींकडे एक किल्ली दिली, हे सगळं त्यानंच इथे बसून फोनवरून केलं. वर्ष गेलं. मग कुणी विषय काढला नाही.

आता मागे वळून बघते तेव्हा त्या चार दिवसांतलं मी काय काय कुणाला देणं लागते ते कळत नाही, आणि कळून घ्यायची गरजही वाटत नाही. त्या सरी पडल्या नसत्या तर आम्ही त्या पुलात थांबलो नसतो. गुडघे दुखले नसते तर बसलो नसतो. कुणा अनाम माणसांनी लाकूड वाचवायला घातलेलं छप्पर, त्याखाली आमच्या घराचं काहीतरी वाचलं. त्यांच्या मनात आम्ही कुठून असणार? तरी त्यांचे आभार मानावेसे वाटतात. दरवर्षी तिथे गेले की मी खांबाला हात लावते, तेवढंच.

ओनो-सान दरवर्षी भेटतात. आधी आईंची चौकशी करतात, मग माझी. गेल्या वर्षी मात्र नव्हत्या. मी खालच्या घरी जाऊन विचारलं. खालच्या घरातल्या माणसानं सांगितलं, मुलीकडे गेल्यात मात्सुयामाला, चार दिवसांनी येतील. पुलावर पानं साचली होती. केरसुणी तिथेच कोपऱ्यात होती. मी बूट काढले आणि पूल झाडला. वरच्या अंगाचाही झाडून आले. कुणी पाहिलं नाही, आणि खूप बरं वाटलं.

यंदा फेब्रुवारीत ऑफिसच्या कामानं अचानक मुंबईला जावं लागलं. काम लवकर आटोपलं म्हणून न कळवता ठाण्याला गेले. म्हटलं, आईंना चकित करू. तिसरा मजला चढून गेले तर दाराला कुलूप. एक क्षण मनात नको नको ते आलं. समोरचं दार उघडून देशपांडे वहिनी बाहेर आल्या.

"अगं, आज मंगळवार ना? मंगळवारी त्या पोहायला जातात."

"आई पोहायला जातात?"

"पाण्यात चालतात म्हणे, गुडघ्यांसाठी. पण आता थोडं पोहतात पण. आत ये, पाणी घे."

मी पायरीवरच बसले. जिन्याच्या खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. थोड्या वेळानं खालून पावलं ऐकू आली. सावकाश, प्रत्येक मजल्यावर थांबत. मध्येच फोनवर कुणाशी तरी बोलणं, तो स्वच्छ आवाज, आणि हसणं. मग कठड्यावरून त्यांचं डोकं दिसलं. केस ओले, खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारा टॉवेल.

मला पाहून त्या थबकल्या. फोनवर "नंतर बोलते गं, सून आलीय" म्हणाल्या. उरलेल्या पायऱ्या चढल्या, माझ्या गालावरून ओला गार हात फिरवला आणि पिशवीतली किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"उघड तू. मला जरा दम खाऊ दे," त्या म्हणाल्या. आणि मी कुलूप काढत असताना मागून, "आणि कळवून येत जा गं. मी घरी नसते हल्ली."